सगुणेच्या नावाचा पिंड

भुतांबद्दल माझी एकच तक्रार आहे. ती वेळेवर येत नाहीत. कादंबरीच्या सुरुवातीला यायला हवीत, तर येतात पुस्तक निम्मं संपल्यावर, आणि तोवर आमचे विनायकराव वाचकाला पेशवाईतला शेतसारा समजावून सांगत बसलेले असतात. मी नाशिकच्या एका प्रकाशनसंस्थेत संपादक होते. नोकरीची शेवटची बरीच वर्षं या एका माणसाची भुतं वेळेवर आणण्यात गेली. आता निवृत्त झाले आहे, तेव्हा मोकळेपणानं लिहायला हरकत नाही. माणसांची नावं बदलली आहेत. गावाचं नाव तर लिहीतच नाही, कारण सगळा घोळ गावाच्या नावानंच घातला.

संपादक काय करतो, हे माझ्या सासरच्या माणसांना अजून कळलेलं नाही. "शुद्धलेखन तपासते ती," असं माझी नणंद लोकांना सांगते. ते काम वेगळ्या माणसाचं. संपादक हा लेखकाचा पहिला आणि सगळ्यात खवचट वाचक. हे प्रकरण लांबलं, हे दोनदा सांगून झालं, हा घोडा मागच्या लढाईत मेला आहे तेव्हा आज त्याच्यावर कोणाला बसवू नका, असं लेखकाला सांगायचं. आणि अशा बेतानं सांगायचं की त्याला वाटावं, हे आपल्यालाच सुचलं. पुस्तक गाजलं की हार लेखकाच्या गळ्यात पडतो. तक्रार असली की आमच्या टेबलावरचा फोन वाजतो.

विनायकराव शाळेत इतिहास आणि मराठी शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी भुतं लिहायला घेतली. हातात नायलॉनची पिशवी, तिच्यात हस्तलिखित आणि हस्तलिखिताच्या खाली भाजी. एका कादंबरीचं आख्खं शेवटचं प्रकरण मेथीच्या पाण्यानं भिजून आलं होतं आणि मला ते पंख्याखाली वाळवून वाचावं लागलं. बाकी लेखक भुतांच्या गोष्टी लिहितात तसं त्यांचं नव्हतं. त्यांना जुनं वाङ्मय तोंडपाठ. एखाद्या बखरीत ओझरती आलेली घटना उचलायची, तिला जुन्या आख्यानकाव्याच्या थाटात सजवायची, आणि जिथं बखरकार गप्प बसला आहे नेमकं तिथं भूत उभं करायचं. ओव्या स्वतः रचायचे, पण अशा जुन्या वळणाच्या की कॉलेजातले प्राध्यापक मला फोन करून विचारायचे, ही पोथी कोणत्या संग्रहात आहे? शिवाय तळटीपा. "असे त्या गावचे वृद्ध सांगतात," अशी तळटीप दर पाच-सहा पानांनी.

"कोण हे वृद्ध?" मी एकदा विचारलं.

"मीच की," विनायकराव म्हणाले. "वय झालंय आता माझं."

वाचकही एकेक भेटले. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या सुपरवायझरांचा फोन आला, की तुमचं पुस्तक आमच्या डब्याच्या सुट्टीत फिरतंय आणि त्यापायी मागच्या गोदामात एकटं जायला कोणी तयार नाही, मी आता दोन-दोन माणसं पाठवतो, याचं काय करायचं? कॉलेज रोडवरच्या एका बाईंना कादंबरीतल्या हडळीच्या नथीचं डिझाइन हवं होतं, मुलीच्या लग्नात तशी घडवायची होती. एक सद्गृहस्थ पुस्तकातला किल्ल्याचा रस्ता स्वतः सायकलनं पालथा घालून आले आणि भुताला तेवढं अंतर एका रात्रीत कापता येणार नाही, हे त्यांनी मला नकाशावर दाखवलं. मी म्हटलं, अहो, ते भूत आहे. ते म्हणाले, पण घोड्यावर आहे ना!

माझं आणि विनायकरावांचं कायमचं भांडण एका वाक्यावरून होतं. पुस्तकाच्या सुरुवातीला बारीक अक्षरात छापतात ते: सदर कादंबरीतील व्यक्ती व प्रसंग काल्पनिक आहेत. ते त्यांना चालायचं नाही.

"बाई, दारातच पाटी लावली की आत कोणी नाही, तर घाबरायला कोण येईल?" ते म्हणायचे. हे झालं नेहमीचं उत्तर. खरं उत्तर त्यांनी एकदाच दिलं, तेही मी फार चिडले तेव्हा. "बखरीत हत्तींची नावं आहेत. तोफांची आहेत. पायऱ्यांच्या बारवेला पाणी लागावं म्हणून जी सून आत सोडली असं लोक गातात, तिचं नाव कुठं आहे? मी तिला नाव देतो आणि तुम्ही म्हणता वर लिहा, ही खोटी."

आमच्या मालकांनीही त्यांचीच बाजू घेतली, कारण पुस्तकं खपत होती. 'बारवेचं देणं' ही कादंबरी त्या वाक्याशिवाय छापली गेली. गावाचं नाव तरी बदला, असं मी परोपरीनं सांगितलं. "गाव बदललं तर बारव कुठं ठेवू?" हे त्यांचं म्हणणं. देवळ्याच्या पुढच्या त्या खऱ्या गावाचं खरं नाव पुस्तकात राहिलं.

पुस्तक येऊन वर्ष होत आलं असेल. एका सकाळी त्या गावचे आबा ऑफिसात आले. कांद्याचे मोठे बागाईतदार, कांदा साठवायची स्वतःची चाळ, स्वतःचा ट्रॅक्टर, पांढरी टोपी अगदी कडक. बरोबर मुलगी, स्नेहल. ती अंबडला एका कंपनीत सुट्या भागांची तपासणी करायची. आबा बसले नाहीत.

"मॅडम, तुमचा लेखक माझ्या घरी जेवला," ते म्हणाले. "बायकोनं भाकरीवर तूप वाढलं. जाताना मी गोणीभर कांदे दिले. आन् या मानसानं घरी जाऊन माझ्याच बारवेत भूत घातलं!"

झालं होतं ते असं. आबांच्या घरात एक चाल आहे. मुलीचं लग्न ठरलं की एक कोरं हिरवं लुगडं शेतातल्या जुन्या बारवेच्या कोनाड्यात ठेवायचं आणि मागं न बघता परत यायचं. कोणासाठी ठेवतात, ते कोणालाच माहीत नाही. आजीनं केलं म्हणून आईनं केलं. हे आबांनी कौतुकानं विनायकरावांना सांगितलं. विनायकरावांनी त्यावर कादंबरी उभी केली. बारवेला पाणी लागत नव्हतं म्हणून त्या घराची सून सगुणा, ओटी भरून, पायऱ्यांनी खाली पाठवली गेली. पाणी लागलं, ती वर आली नाही. तेव्हापासून त्या घरातून सासरी जाणाऱ्या प्रत्येक मुलीकडून ती एक लुगडं मागते. जिचं लुगडं तिला पसंत पडत नाही, त्या मुलीबरोबर ती सासरी जाते आणि तिथं माठाशेजारी ओल्या पायांनी उभी राहते.

मला ते प्रकरण वाचताना घरच्या माठाकडे जायची भीती वाटली होती, हे कबूल करते. विनायकराव वाईट लेखक असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

स्नेहलचं लग्न नाशिक रोडच्या योगेशशी ठरलं होतं. मुलगा सरकारी नोकरीत, घराणं मूळचं सटाण्याकडचं. सुपारी फुटली होती. मग कुठल्याशा पोरानं ती कादंबरी वाचून तिचे व्हिडिओ मोबाइलवर टाकायला सुरुवात केली आणि योगेशच्या आजीनं, बायजाआजीनं, ती शेजारणींबरोबर बसून सगळी ऐकली. गावाचं नाव ऐकलं, बारव ऐकली, हिरवं लुगडं ऐकलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला: थांबा.

"आम्ही लुगडं ठेवलं होतं," आबा म्हणाले. "मोबाइलात फोटो हाय. ती म्हातारी म्हनते, तिला पसंत पडलं कशावरून?"

आता स्नेहल पुढं आली. ती म्हणाली, "मॅडम, योगेश आणि मी आधी ठरवलं, घरच्यांनी नंतर ठरवलं. मला त्याच्याशीच लग्न करायचंय. पण आईवडील गेल्यावर त्याला आजीनं वाढवलंय. तिला रडवून तो बोहल्यावर चढणार नाही, आणि चढ असं मी त्याला सांगणार नाही. आजीची भीती गेली पाहिजे. ती तुम्ही घातलीय."

हिशेब सरळ होता. मला त्या मुलीचा रागही येईना. ज्याचा यायला हवा तो माणूस त्या वेळी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठी, भाजी घेत होता.

आधी मी आमच्या लेटरहेडवर पत्र दिलं, की सदर कादंबरीतील सगुणा ही व्यक्ती काल्पनिक आहे. शिक्का मारला. मालकांची सही घेतली. चार दिवसांत उत्तर आलं, तेही आबांच्या तोंडून: "म्हातारी म्हनते, कोर्टाच्या भीतीनं छापनारे असंच लिहून देतात."

मग मी विनायकरावांना रिक्षात घातलं आणि नाशिक रोडला घेऊन गेले. वाटेत बजावलं, की तुम्ही फक्त एक वाक्य बोलायचं: आजी, हे मी मनानं रचलंय. बस. चहा प्यायचा आणि उठायचं. बखर नको, आख्यान नको. त्यांनी मान डोलावली. त्यांची मान फार छान डोलते, हे मला तोवर कळायला हवं होतं.

बायजाआजी पलंगावर बसल्या होत्या. लहानखुरी बाई, नाकात मोरणी, डोळे मात्र चौकस. योगेश बिचारा दारात उभा, आत यावं की बाहेर जावं ते न कळून. आजींनी विनायकरावांना समोर बसवलं आणि थेट विचारलं, "मास्तर, येक सांगा. हे खरं हाय का?"

मी खालून विनायकरावांच्या पायावर पाय दिला.

"खरं म्हणजे काय, आजी?" विनायकराव म्हणाले. "जे कागदावर आलं तेवढंच खरं का? आपल्या बायकांचं कधी काही कागदावर आलं का? जात्यावर तुम्हीसुद्धा गायलं असेल की, बारवेला सून दिली म्हणून. ते गाणं काय हवेतून आलं?"

आजींनी योगेशकडे मान वळवली.

"म्हंजे हाय," त्या म्हणाल्या.

घरी परतताना मी रिक्षात त्यांच्याकडे पाठ करून बसले. इतका संताप मला नोकरीत कधी आला नव्हता. विनायकरावांना काहीतरी चुकलं एवढं समजलं होतं. द्वारका सर्कलला गाडी अडकली तेव्हा ते हळूच म्हणाले, "बाई, मला खोटं बोलता येत नाही हो." मी म्हटलं, तुम्ही आयुष्यभर दुसरं काय केलंत?

त्यानंतर बायजाआजींनी स्वतःच तोडगा काढला. बाई आहे हे मास्तरांनी कबूल केलं, तेव्हा तिला वाटेला लावा. रामकुंडावर तिच्या नावानं पिंड द्या, ती मोकळी झाली की पोरगी आनंदानं घेऊ. आपल्याकडे त्यात नवल नाही. घाटावर रोज सकाळी माणसं आपापली माणसं पोचवायला येतात, आणि आजींना भूत म्हटल्यावर दुसरं काय सुचणार?

पण पिंड देणार कोण? आबा हटून बसले.

"मी नाय देनार," ते फोनवर म्हणाले. "मी दिला म्हंजे माझ्या घरानं सुनेला बुडवलं, हे मी घाटावर बसून मान्य केलं. माझ्या बापजाद्यांनी असं कायी केलेलं नाय. ज्यानं आनली त्यानं पोचवावी."

यात चूक काहीच नव्हती. मी विनायकरावांकडे गेले. मला वाटलं होतं, आता मात्र भांडतील. कर्मकांड मानत नाहीत, घरी गणपतीसुद्धा बसवत नाहीत. ते लगेच म्हणाले, "देतो." मला हायसं वाटलं. ते इतक्या चटकन का तयार झाले, हे मला घाटावर जाईपर्यंत समजलं नाही.

त्या सकाळी आम्ही सगळे जमलो. नदीला पाणी बेताचं, घाटावर गर्दी. एका कडेला आबा, त्यांच्या मागे स्नेहल. दुसऱ्या कडेला योगेशच्या हाताला धरून बायजाआजी. मध्ये विनायकराव, धोतर नेसून, उघडेबंब, थंडीनं काकडत. आबांच्या ओळखीचे गुरुजी आले. चाळिशीचा माणूस, पिढ्यान् पिढ्या घाटावरचं घराणं. एका हातानं दर्भ मांडत होते आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर पुढच्या यजमानांना गाडी कुठं लावायची ते सांगत होते. फोन खिशात गेला आणि त्यांनी विधीला सुरुवात केली.

"नाव?"

"सगुणा," विनायकराव म्हणाले.

"गोत्र? माहीत नसलं तर कश्यप म्हणू. नातं काय तुमचं?"

विनायकराव अडले. "नातं... तसं म्हटलं तर मुलगी."

"मुलगी. बरं. लग्न झालेली? गेली कशानं?"

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. ओटीत काय काय घातलं होतं, पायऱ्या कशा निसरड्या होत्या, पाणी आधी कोणत्या कोपऱ्यातून आलं, वरती उभ्या माणसांत नवरा होता आणि त्यानं मान कशी फिरवली. थंडीनं आवाज कापत होता. त्यांनी आजपर्यंत माझ्यासमोर कित्येक प्रकरणं वाचली होती, पण असं कधीच सांगितलं नव्हतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा माणूस आमच्यासाठी पिंड द्यायला आलाच नव्हता. त्याला मनापासून तिला पिंड द्यायचा होता. आजींनी पदर डोळ्यांना लावला. शेजारच्या विधीची माणसंही वळून ऐकायला लागली.

गुरुजी थांबले. "हे किती वर्षांपूर्वीचं? आणि तुमची मुलगी?"

"मी लिहिलीय तिला," विनायकराव म्हणाले. "कादंबरीत."

गुरुजींनी आबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी सगळी हकिगत थोडक्यात सांगितली. त्यांनी शांतपणे विनायकरावांच्या बोटातलं दर्भाचं पवित्रक काढून घेतलं.

"मग मला हे करता यायचं नाही."

"गुरुजी, तुमची दक्षिणा..." आबा म्हणाले.

"दक्षिणेचं राहू द्या. नाव नसलेल्याला पिंड देतो आम्ही. गोत्र नसलेल्याला देतो. ज्यांचं मागं कोणी उरलं नाही त्यांनाही देतो. पण जे जन्मालाच आलं नाही त्याला कसा देऊ? कोण घेईल तो? तुमचं लुगडं ठेवता ते ठेवत जा, कोणासाठी असेल त्याला पोचेल. या नावाचा पिंड माझ्या हातून पडणार नाही."

बायजाआजी पदर सोडून पुढं आल्या. "म्हंजे ती बाई नव्हतीच?"

"हे मला कसं माहीत असणार, आजी? ज्यांनी आणलं त्यांना विचारा." गुरुजींनी पळी विनायकरावांच्या हातावर उपडी केली. "हातात पाणी आहे. समोर गंगा आहे. सांगा. होती की नव्हती?"

मी त्या माणसाला ओळखत होते. तो आता विचारणार होता, होती म्हणजे काय? मला पुढं होऊन त्याचं तोंड दाबावंसं वाटत होतं. विनायकरावांनी तोंड उघडलंही.

"नव्हती कशी, गुरुजी? इतकी वर्षं मी तिच्याबरोबर..."

आणि ते थांबले. त्यांची नजर स्नेहलवर गेली होती. ती विनवत नव्हती. नुसती उभी होती, कामावर जायच्या कपड्यांत, खांद्याला डब्याची पिशवी, कारण इथून तिला थेट अंबडला शिफ्टला जायचं होतं. तिचं सगळं आता या ओल्या म्हाताऱ्याच्या एका शब्दावर होतं, आणि तिला ते कळत होतं.

"नव्हती," विनायकराव म्हणाले. त्यांनी पाणी सोडलं. "सगुणा नव्हती. मी रचली. सगळं मी रचलं, आजी. त्या घरात असं काही झालेलं नाही."

आजी गुरुजींकडे बघत होत्या, विनायकरावांकडे नाही. मग योगेशकडे वळून म्हणाल्या, "गुरुजी हातचं काम सोडतोय, म्हंजे बाई खरंच नव्हती." आणि स्नेहलला जवळ बोलावून तिचा हात धरला. आबांनी टोपी काढून डोकं पुसलं. माझं पत्र, शिक्का, मालकांची सही, यांतलं काहीही चाललं नव्हतं. एका माणसानं काम नाकारलं ते चाललं. मला हसावं की चिडावं कळेना.

बाकीची मंडळी चहाला वर गेली. विनायकराव पायरीवर तसेच बसून राहिले. मी टॉवेल दिला.

"पिंड द्यायला मिळाला असता तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "तिला वाटेला लावायचं म्हणून आलो होतो. वाटेतच सोडून आलो बघा." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एरवी मी काहीतरी टोचून बोलले असते. त्या दिवशी मला खूप वाईट वाटलं आणि मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

त्यानंतर त्यांनी लिहिणं सोडलं. मी फोन करायची. काय चाललंय? काही नाही. नवीन काही? नाही. वर्षानुवर्षं ज्या माणसाला मी "आवरा आता" म्हणत आले, त्याला मी आता "अहो, चार पानं तरी लिहा" म्हणून विनवत होते, आणि मला त्याचाच संताप यायचा. एकदा मी सुचवलं, भूत नको तर नुसता इतिहास लिहा. ते म्हणाले, "बाई, एकदा नव्हती म्हटलं की काहीच होतं असं वाटत नाही."

लग्न देवळा रस्त्यावरच्या एका लॉन्सवर होतं. आबांनी दोघांना आग्रहानं बोलावलं होतं. बारवेच्या कोनाड्यात पुन्हा एक हिरवं लुगडं ठेवून झालं होतं, हे त्यांनी मला आल्या आल्या सांगितलं, जरा लाजतच. विनायकराव यायला तयार नव्हते. मी गाडीत कोंबूनच आणलं. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो. मुहूर्ताला थोडा वेळ होता. सगळ्यांच्या हातात अक्षता वाटून झाल्या होत्या आणि बायजाआजी, नवऱ्या मुलाची आजी, स्टेजजवळचा मानाचा सोफा सोडून खुर्च्यांच्या रांगा ओलांडत आमच्याकडे आल्या. विनायकरावांच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

"मास्तर, ती नव्हती, हे मला कबूल," त्या म्हणाल्या. "पन मोबाइलवरल्या पोरानं शेवट नीट वाचला नाय. पानी लागलं, ती खाली राहिली, आन् पुढं नुसता तिचा पाय दिसतो. पुढं काय झालं?"

"पुढं काही नाही, आजी. तेवढंच आहे पुस्तक."

"असं कुठं असतं का? येवढी बाई खाली उतरवली आन् तशीच ठेवली?"

हेच मी हस्तलिखित वाचताना विचारलं होतं आणि त्यांनी मला धुडकावून लावलं होतं. आता ते हातातल्या अक्षता चाळवत बसले. स्टेजवर अंतरपाट धरला गेला. भटजींनी माइक तपासला. आजी उठायचं नाव घेईनात.

"आजी, ते सगळं खोटं आहे हो," विनायकराव म्हणाले.

"मंग खोटंच सांगा," आजी म्हणाल्या. "खरं आयकून लय तरास झाला मला."

मंगलाष्टकं सुरू झाली. विनायकराव खुर्चीत पुढं सरकले, आजींच्या कानाशी वाकले, आणि कित्येक महिन्यांनी मी त्यांचा तो आवाज ऐकला. पाणी कमरेपर्यंत आलं तेव्हा तिनं वर बघितलं, ते सांगत होते. वरची माणसं निघून गेली होती. तिनं ओटीतलं सगळं पाण्यात सोडून दिलं, लुगड्याचा काचा मारला आणि भिंतीतल्या दगडांना धरून एकेक पायरी वर आली. दोन वेळा घसरली. माझ्यापाशी ना पेन होतं ना कागद, आणि माझे डोळे भरून आले होते, आणि हा शेवट या माणसानं पुस्तकात का लिहिला नाही म्हणून माझं डोकंही फिरलं होतं.

"मंग घरी गेली?" आजींनी विचारलं.

"नाही," विनायकराव म्हणाले. "घराकडं बघितलंसुद्धा नाही. बांधावरून चालत गेली ती गेलीच."

समोर अंतरपाट खाली आला, स्नेहल आणि योगेश एकमेकांकडे बघून हसत होते.

"बरं केलं तिनं," आजी म्हणाल्या, आणि मूठ उघडून अक्षता टाकल्या.